घरी सायफन कॉफी करायचीये? आच आणि फडकं सांभाळा

सायफन म्हणा, व्हॅक्युम पॉट म्हणा, वस्तू एकच. काचेची दोन भांडी एकावर एक, खाली ज्योत, पाणी आपणहून वर चढतं आणि थोड्या वेळाने कॉफी होऊन आपणहून खाली उतरतं. व्हिडिओत भारी दिसतं म्हणून लोक हौसेने घेतात, दोन-चार वेळा पाहुण्यांसमोर करतात, कॉफी कधी कडूजहर तर कधी पांचट होते आणि मग ते भांडं शोकेसमध्ये जाऊन बसतं. आणि वर म्हणायचं, दिसायला छान आहे हो पण चवीत काही दम नाही.

माझ्या मते हा त्या भांड्यावर अन्याय आहे. सायफनची कॉफी नीट जमली तर इतकी स्वच्छ आणि वासाला इतकी मोकळी लागते की साधी काळी कॉफी न आवडणारी माणसंसुद्धा कप संपवतात. आणि जमवायला काही जादू लागत नाही, दोनच गोष्टी सांभाळायच्या, पाणी वर गेल्यानंतरची आच आणि गाळायचं फडकं. बाकी ढवळायची कांडी कुठल्या लाकडाची, किती वेळा कुठल्या दिशेने फिरवायची वगैरे चर्चा नंतर सावकाश करा.

आत काय चालतं ते आधी बघू

हा भाग टाळू नका, कारण पुढच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात. खालच्या गोल भांड्यात पाणी असतं, वरच्या भांड्याची लांब नळी त्या पाण्यात बुडालेली असते आणि दोघांच्या मधे रबराचं बूच, म्हणजे खालचं भांडं हवाबंद. खालून तापवलं की आतली हवा फुगते, पाण्याची वाफ व्हायला लागते, त्यांना बाहेर पडायला जागा नसते म्हणून त्या पाण्याला दाबतात आणि पाण्याला एकच वाट उरते, नळीतून वर. आता यातली मेख अशी की वीतभर उंच पाणी चढवायला दाब अगदीच कमी लागतो, आपल्या भोवतालच्या हवेचा जो दाब असतो त्याच्या दोन-तीन टक्के. त्यामुळे गार पाण्यावरच बूच घट्ट लावून बसलात तर पाणी उकळायच्या कितीतरी आधी, कोमटसर असतानाच वर चढायला लागतं. बऱ्याच जणांची पांचट, आंबट कॉफी इथे तयार होते आणि दोष बिचाऱ्या बियांना दिला जातो.

ज्योत काढली की सगळं उलटं होतं. खालची वाफ निवते, तिचं परत पाणी होतं, आतला दाब एकदम पडतो आणि बाहेरची हवा वरची कॉफी फडक्यातून खाली ढकलते. खालचं भांडं कॉफी ओढून घेतं असं सगळे म्हणतात, खरं काम बाहेरच्या हवेचं असतं, पण म्हणा, चवीला काही फरक पडत नाही.

कल्पना अजिबात नवी नाही. १८३०च्या दशकात बर्लिनमध्ये अशी भांडी आली, लोएफ या नावाशी ती जोडली जातात, आणि १८४०च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या मादाम व्हास्यू यांनी दोन काचगोळ्यांच्या भांड्याचं पेटंट घेतलं. त्या काळच्या काचेचं काही खरं नसायचं, तापवताना तडकायची. पुढे विसाव्या शतकात उष्णता सहन करणारी काच आली आणि अमेरिकेत सायलेक्स कंपनीची भांडी घरोघरी गेली, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे पर्कोलेटर, म्हणजे उकळतं पाणी पुडीतून पुन्हा पुन्हा फिरवणारं भांडं, आणि मग पुडीवर गरम पाणी थेंबथेंब सोडणारी ड्रिप मशीन आली आणि हे मागे पडलं. टिकवलं ते जपानने. तिथल्या जुन्या कॉफीघरांमध्ये, ज्यांना किस्सातेन म्हणतात, काउंटरवर सायफनची रांग लावून एकेक कप करून द्यायची पद्धत राहिली, आणि आज आपल्याला जे मॉडेल सहसा मिळतं ते बनवणारी हारिओ कंपनीही टोकियोची, १९२१ची, मूळची प्रयोगशाळेची काच करणारी. ते स्टँड, तो स्पिरिटचा दिवा बघून शाळेतली केमिस्ट्री लॅब आठवते ती उगाच नाही.

कुठलं घ्यायचं आणि सोबत काय लागतं

हारिओची टीसीए मालिका सगळ्यात जास्त दिसते. टीसीए-२ म्हणजे दोन कप, टीसीए-३ तीन कप, टीसीए-५ पाच कप. पण हा जपानी कप १२० मिलीचा आहे, आपल्या मगाच्या मानाने जेमतेम अर्धा. म्हणजे टीसीए-३मध्ये ३६० मिली, दोन माणसांची व्यवस्थित कॉफी. एकटेच पिणार असाल तर टीसीए-२ घ्या, दोघं असाल तर टीसीए-३, आणि पाच कपाचं भांडं ‘पाहुणे आले तर’ या विचाराने घेऊ नका, कारण मोठ्या भांड्यात थोडी कॉफी करणं या प्रकारात जमत नाही. नळी तळापासून थोडी वर असते त्यामुळे थोडं पाणी कायम खालीच राहतं, पाणी कमी घेतलंत तर त्यातला मोठा हिस्सा खालीच उरतो, आणि वर पूड नीट बुडत नाही.

शेगडीवर ठेवायचे सायफनही मिळतात, त्यांना बाजूला मूठ असते आणि स्टँड नसतो. ते वेगळे. स्टँडवाला सायफन घरच्या गॅसच्या बर्नरवर धरायचा प्रयोग करू नका, ती ज्योत त्या भांड्याच्या मानाने फार मोठी आहे, काच, रबर आणि मूठ तिघांनाही ते झेपणार नाही.

बाकी लागतं ते थोडंच: ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा, मोबाइलचा टायमर, पाणी तापवायला किटली, ढवळायला बांबूची किंवा लाकडाची चपटी कांडी, आणि एक जाड ओलं फडकं. धातूचा चमचा वरच्या भांड्यात घालू नका, काचेवर ओरखडा पडला की पुढेमागे तडा तिथूनच जातो. ग्राइंडर असेल तर उत्तम, हाताने फिरवायचा चालेल पण सिरॅमिक किंवा स्टीलच्या बर्रचा, म्हणजे दातेरी चकत्यांमध्ये दळणारा हवा. मिक्सरमध्ये पीठ आणि कणी एकत्रच होते, पीठ फडक्यात जाऊन बसतं आणि कॉफी उतरायला नाही म्हणते. ग्राइंडर नसेल तर जिथून कॉफी घेता तिथूनच दळून मागवा, सायफन असं सांगितलं तर ठीक, नाहीतर ड्रिपपेक्षा जरा बारीक असं सांगा. हाताला बारीक मिठासारखं लागलं पाहिजे, रव्याइतकं जाड नको आणि आपल्या दक्षिणी फिल्टरच्या पुडीइतकं बारीक तर मुळीच नको.

कॉफी कुठली? चिकोरी मिसळलेली नको, एवढं एक पक्कं धरा. चिकोरी फडकं चिकट करते आणि सायफनचा जो मोकळा वास असतो तो झाकून टाकते. चिकमंगळूर, कूर्ग, अराकू यापैकी कुठलीही शुद्ध अरेबिका, मीडियम किंवा त्याहून जरा हलकी भाजलेली, सुरवातीला उत्तम. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी होते, तिकडे गेलात तर आणून बघा, पण ती किती भाजलीये आणि कधी भाजलीये ते विचारा. फार काळी भाजलेली, तेल सुटलेली कॉफी मी सायफनला वापरत नाही, गरम पाण्यात ती नको तेवढी उतरते आणि तोंडात राखेसारखी चव राहते. मान्सून्ड मलबारला, म्हणजे पावसाळी दमट हवेत मुरवलेल्या कॉफीला, मानणारे लोक आहेत, मला ती दुधातच बरी वाटते.

ज्योतीचं प्रकरण

टीसीएबरोबर स्पिरिटचा दिवा येतो. त्याला डिनेचर्ड किंवा मेथिलेटेड स्पिरिट लागतं आणि ते प्रत्येक दुकानात मिळतंच असं नाही. मिळालं तरी लक्षात ठेवा की त्यात मिथेनॉल असू शकतं, ते विषारी आहे, त्यामुळे बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, आणि स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बाटल्यांच्या रांगेत तर अजिबात नाही. सॅनिटायझर, रॉकेल, थिनर असलं काही दिव्यात घालायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून बघणारे असतात, त्याची ज्योत पिवळी आणि काजळीवाली असते, भांड्याचं बूड काळं होतं आणि वासही येतो.

दिवा वापरताना: दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, सांडलेलं पुसून वाळू द्या आणि मगच काडी लावा. गरम दिव्यात स्पिरिट ओतायचं नाही, विझवून पूर्ण गार झाल्यावरच. विझवायला फुंकर मारू नका, वरून टोपण ठेवा. आणि दिवसा उजेडात स्पिरिटची ज्योत जवळपास दिसतच नाही, त्यामुळे विझला असं समजून हात घालायच्या आधी टोपण ठेवलंय ना ते बघा. वात जास्त वर काढली की ज्योत मोठी, खाली ढकलली की छोटी, पण हे सगळं दिवा पेटवण्याआधी करायचं असतं आणि हीच त्याची अडचण आहे, कॉफी चालू असताना आच कमीजास्त करता येत नाही. फार तर दिवा जरा बाजूला सरकवायचा.

म्हणून मी नवीन माणसाला छोटा ब्युटेन बर्नर घ्यायला सांगतो. लायटर भरायच्या गॅसच्या डब्याने तो भरता येतो, बाजूला आच कमीजास्त करायची चावी असते, आणि सायफनमधलं निम्मं कौशल्य त्या चावीत आहे. पैसे थोडे जास्त जातात खरे. हॅलोजनचे लाल दिवे लावलेले जपानी हीटर असतात, ते कॅफेवाल्यांसाठी, २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू बॉटल या कॉफी कंपनीने जपानहून तसा एक अख्खा काउंटर आणला तेव्हा त्याची किंमत २० हजार डॉलर म्हणून गाजली होती. आपल्याला त्या वाटेला जायचं कारण नाही.

आणि एक अगदी घरगुती सूचना, डोक्यावरचा पंखा बंद करा. पंख्याखाली ज्योत हलत राहते, उष्णता भांड्याच्या एका बाजूला लागते, पाणी वर जाऊन मधेच खाली येतं आणि तुम्ही बूच तपासत बसता. खिडकी किलकिली उघडी असू द्या पण वाऱ्याचा झोत नको. सगळं स्टीलच्या परातीत मांडलंत तर सांडलं-लवंडलं तरी टेबल वाचतं.

फडकं

वरच्या भांड्याच्या तळाशी धातूची गोल चकती बसते, तिच्यावर कापड ओढून दोऱ्याने आवळलेलं असतं, आणि चकतीच्या खाली स्प्रिंग, स्प्रिंगच्या टोकाला आकडा आणि त्याखाली लोंबणारी मण्यांची साखळी. नवीन कापडाला खळीचा, गोदामाचा असा वास असतो, त्यामुळे पहिल्यांदा वापरायच्या आधी ते चकतीवर बांधून साध्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळा, पाण्यात चमचाभर कॉफीची पूड टाकली तर अजून चांगलं. मग धुवा, पिळा. कापडाची लवदार बाजू कुठे ठेवायची यावर वाद आहेत, काही कंपन्या आत सांगतात काही बाहेर, तुमच्या पाकिटावर असेल तसं करा.

बसवताना साखळी नळीतून खाली सोडायची, आकडा खालून ओढायचा, स्प्रिंग ताणली गेली की तो नळीच्या काठाला अडकवायचा. ओढा पण हळू, काठ काचेचा आहे आणि सगळ्यात आधी तोच कपचतो. आकडा अडकला की कांडीने चकती ढकलून बरोबर मधे आणा. जरा जरी तिरकी राहिली तरी त्या फटीतून चोथा खाली येतो. ती मण्यांची साखळी शोभेची नाही, तिचं टोक खालच्या भांड्याच्या तळाला टेकलं पाहिजे, त्यामुळे बुडबुडे तिथून शांतपणे सुटत राहतात आणि पाणी एकदम उसळी मारत नाही. शिवाय पाणी कधी तयार झालं ते तीच सांगते, ते पुढे येतंच.

कागदी आणि धातूचे फिल्टरही मिळतात. कागदाने कॉफी अगदी पाण्यासारखी नितळ होते, धातूने थोडा गाळ येतो. कापडातून कॉफीचं तेल थोडं उतरतं आणि गाळ मात्र अडतो, म्हणून सायफनची म्हणून जी चव आहे ती कापडाचीच, असं माझं स्पष्ट मत आहे, धुवायचा कंटाळा असेल तरच कागद घ्या.

आता करायला घेऊ

टीसीए-३ धरून सांगतो, ३०० मिली पाणी आणि २० ग्रॅम कॉफी, म्हणजे एकास पंधरा. टीसीए-२ असेल तर २४० मिलीला १६ ग्रॅम. पाणी फिल्टरचं घ्या. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कॉफी सपाट लागते आणि भांड्यात पांढरे डाग धरतात.

पाणी किटलीत आधीच उकळून घ्या आणि गरम गरमच खालच्या भांड्यात ओता. गार पाणी ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची वाट बघाल तर दहा मिनिटं सहज जातात आणि स्पिरिट जळतं ते वेगळंच. ओतल्यावर भांडं बाहेरून कोरडं पुसा, अगदी कोरडं. बाहेर पाण्याचा थेंब राहिला आणि त्यावर ज्योत लागली की काच तडकू शकते. रिकामं भांडं ज्योतीवर कधीही धरायचं नाही हे सांगायला नकोच.

आता ज्योत लावा, बऱ्यापैकी मोठी चालेल. वरचं भांडं फिल्टर लावून खालच्यावर तिरकं टेकवून ठेवा, नळी आणि साखळी पाण्यात, पण बूच दाबायचं नाही. आणि साखळीकडे बघत राहा. सुरवातीला एखाददुसरा बुडबुडा सुटतो, मग बारीक बारीक माळ सुटायला लागते, चहाचं आधण येण्याआधी पातेल्याच्या बुडाला जे होतं तेच. बुडबुड्यांची सलग माळ दिसली की वरचं भांडं सरळ करा आणि बूच हलकेच फिरवत दाबून बसवा. पाणी खळखळ उकळायला लागेपर्यंत थांबलात तर भांडं सरळ करताना पाणी उसळून हातावर येऊ शकतं, तेव्हा तेवढंही थांबू नका.

काही सेकंदांत पाणी वर चढायला लागतं. पहिल्यांदा बघताना सगळे मोबाइल काढतात, काढा, पण लक्ष आचेवर असू द्या, कारण आता तो महत्त्वाचा भाग येतो. सगळं पाणी वर गेलं आणि नळीतून बुडबुडे वर येऊन पाणी खदखदायला लागलं की ताबडतोब आच कमी करा. ते खदखदणं म्हणजे वरचं पाणी उकळत नसतं, खालची हवा आणि वाफ त्यातून बाहेर पडत असते, पण आच मोठीच ठेवलीत तर ती वाफ वरचं पाणी तापवत राहते आणि कॉफी त्यात अक्षरशः उकडली जाते. सायफनची कॉफी कडू होते ती बहुतेक इथे. मग आच किती कमी? इतकी कमी की पाणी वर टिकून राहील आणि मधूनमधून एखादा बुडबुडा येत राहील. त्याहून कमी केलीत तर पाणी खाली यायला लागेल, लगेच दिसतं ते, किंचित वाढवा. ही एक जागा सापडली की तुमच्या बर्नरच्या चावीवर पेनने खूण करून ठेवा. दिवा वापरत असाल तर तो अर्धा बाजूला सरकवून हेच साधायचं, किंवा पुढच्या वेळी वात थोडी खाली ढकलायची.

अर्धा मिनिट पाणी शांत होऊ द्या, कांडीने एकदा ढवळून घ्या. थर्मामीटर असेल तर वरचं पाणी नव्वद-ब्याण्णव अंशांच्या आसपास दिसायला हवं, नसेल तर काही अडत नाही.

आता पूड एकदम टाका आणि टायमर चालू करा. पूड वर तरंगते, तिला कांडीने वरून खाली दाबत दाबत भिजवा, दहा सेकंदांत कोरडी पूड दिसता कामा नये. जोरजोरात घुसळायचं नाही, ताक करत नाहीये आपण, आणि कांडी तळाच्या फिल्टरला लागू देऊ नका. मग हात बाजूला घ्या. ताजी कॉफी असेल तर तीन थर दिसतात, वर फेस, मधे फुगलेली पूड, खाली काळं पाणी.

एक मिनिट झालं की ज्योत बंद करून बाजूला काढा आणि त्याच वेळी कांडीने गोल फिरवत तीन-चार वेळा ढवळा, भोवरा होईल एवढंच. मग नुसतं बघा. पाचदहा सेकंद काहीच होत नाही, मग एकदम कॉफी खाली यायला लागते, आणि शेवटी हवा आत शिरते तेव्हा खाली फेसाचे बुडबुडे येतात. हे सगळं अर्ध्या ते एक मिनिटात व्हायला हवं. फार वेळ लागतोय असं वाटलं तर खालच्या भांड्याला ओलं फडकं गुंडाळायची पद्धत आहे, त्याने वाफ लवकर निवते. हारिओची काच ते सोसते, पण फडकं पिळलेलं असू द्या, गार पाण्याने गळणारं नको, आणि कुठल्यातरी अनोळखी स्वस्तातल्या सेटवर हा प्रयोग मी करणार नाही.

वर उरलेल्या चोथ्याकडे नजर टाका. मधे घुमटासारखा उंचवटा आला असेल तर ढवळणं ठीक झालंय. सपाट असेल किंवा एका बाजूला ढीग असेल तर पुढच्या वेळी शेवटचं ढवळणं सुधारा.

वरचं भांडं काढताना सरळ वर उपसू नका. एका हाताने स्टँडची मूठ धरा, दुसऱ्या हाताने वरचं भांडं गळ्याशी धरून पुढेमागे हलकं डुलवा, हवा शिरली की सुटतं. टीसीएचं झाकण उलटं ठेवलं की वरचं भांडं ठेवायचं स्टँड होतं, बरेच जण ते झाकणच समजून बाजूला टाकतात. गरम काच ओल्या ओट्यावर टेकवायची नाही.

कपात ओता आणि थांबा. सायफनची कॉफी फार गरम असते, पहिल्या घोटाला जीभ भाजते आणि चव काहीच कळत नाही. चारपाच मिनिटांनी प्या, निवत जाते तसतशी गोडसर आणि फळासारखी चव पुढे येते, आणि अगदी कोमट झाल्यावरचे शेवटचे दोन घोट मला तरी सगळ्यात आवडतात.

बिघडलं तर

पाणी वरच जात नसेल तर बूच नीट बसलेलं नाही किंवा रबर कडक झालंय, रबर जरा ओलं करून बसवा. वर जाऊन लगेच खाली येतंय तर आच कमी पडतेय किंवा तो पंखा. कॉफी उतरायला दोन-दोन मिनिटं लागतायत तर दळण बारीक आहे नाहीतर फडकं चोंदलंय, आधी फडकं बघा. उलट पंधरा सेकंदांत धाडकन उतरली आणि पांचट लागली तर दळण जाड आहे. कपात गाळ येतोय तर चकती मधे नाहीये किंवा कापडाची गाठ सैल झालीये.

अर्ध्यावर उतरून कॉफी अडकली तर काही लोक वरचं भांडं खेचून काढायला जातात, ते करू नका, गरम कॉफी अंगावर येईल. ज्योत दोनचार सेकंद परत दाखवायची, कॉफी थोडी वर सरकते, कांडीने हलकं ढवळायचं आणि ज्योत काढायची, बहुतेक वेळा मोकळी होते.

चवीचं सांगायचं तर कडू आली तर आधी आच कमी करा, मग वेळ पन्नास सेकंदांवर आणा, आणि त्याने नाही भागलं तरच दळण जाड करा. आंबट-पांचट आली तर बूच लवकर लावत नाही ना ते बघा, मग दळण बारीक. एका वेळी एकच गोष्ट बदला, सगळ्या एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

आणि दुधाचं विचारतातच सगळे. घरी जायफळ घालून केलेली दुधातली कॉफी मला प्रचंड आवडते, कोजागिरी असो नसो, पण त्यासाठी सायफन पेटवू नका. दुधात सायफनच्या कॉफीचा सगळा नाजूकपणा बुडतो. दुधाची कॉफी हवी असेल तर पितळेचा किंवा स्टीलचा दक्षिणी फिल्टर आहे की, तो त्या कामात राजा आहे आणि स्वस्तही.

आवराआवर

चोथा भांड्यात तसाच सुकू देऊ नका. कोमट झाला की वरचं भांडं उलटं करून तळहाताने टिचक्या मारा, बराचसा निघतो, कुंडीत टाका. मग आकडा सोडा, फिल्टर काढा आणि वाहत्या पाण्याखाली कापड चोळून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. साबण नाही, भांड्याचं लिक्विड तर मुळीच नाही, कापड तो वास धरून ठेवतं आणि पुढची कॉफी लिंबाच्या साबणासारखी लागते.

धुतलेलं कापड वाळत टाकायचं नाही, हे ऐकून घरचे चक्रावतात. वाळलं की त्यातलं उरलंसुरलं कॉफीचं तेल खवट होतं आणि पावसाळ्यात तर धड वाळतही नाही, कुबट वास येतो. डबीत पाणी घालून त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोजच्या रोज बदला, आणि डबीवर चिठ्ठी लावा नाहीतर फ्रिज साफ करताना कोणीतरी ते फेकून देतं. पाचसहा दिवस कॉफी करणार नसाल तर पिळून झिपलॉकमध्ये घालून फ्रीजरला टाका. आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात उकळा. उकळूनही वास जात नसेल किंवा कॉफी उतरायला रोज जास्तच वेळ लागायला लागला तर कापड बदला, सुटी कापडं पाकिटात मिळतात, त्यात कंजुषी करून चालत नाही.

खालचं भांडं आतून चोळता येत नाही, तोंड अरुंद असतं. गरम पाणी घालून हलवलं तर रोजचं भागतं, तपकिरी थर धरला तर थोडं सायट्रिक ॲसिड किंवा लिंबाचा रस गरम पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, किंवा बाटली घासायचा मऊ ब्रश घ्या. वरचं भांडं धुताना मात्र नळीचं टोक सांभाळा, घरातले बहुतेक सायफन ज्योतीवर नाही तर सिंकमध्ये नळाला आपटून फुटतात. फुटलाच तर पूर्ण सेट घ्यायची गरज नाही, वरचं भांडं, खालचं भांडं सुटी मिळतात, फक्त मॉडेलचा नंबर नीट बघून मागवा, टीसीए-२ची काच टीसीए-३च्या स्टँडला बसेलच या भरवशावर राहू नका.